यॉर्कशायरमधली म्युझियम्स, गॅलऱ्या: तुमचे अनुभव लिहा

रेवती_लीड्स:
लेकीच्या शाळेतून ब्रॅडफर्ड इंडस्ट्रियल म्युझियमच्या सहलीचा कागद आला आणि बाबा आठवले एकदम. इकडे आले होते तेव्हा त्यांना तिथेच नेलं होतं. बाबा परळच्या मिलमध्ये त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईत होते, 1982 च्या संपापर्यंत. हे म्युझियम म्हणजे लोकरीची जुनी गिरणीच, काही यंत्रं चालवूनही दाखवतात. खडखडाट सुरू झाला आणि बाबा पार दोरीपाशी जाऊन उभे. इंग्रजीचा गंध नाही, पण तुटलेला धागा दोन बोटांत वळून कसा सांधायचा ते त्यांनी हवेतच करून दाखवलं, मग यंत्रावरच्या माणसाने त्याची पद्धत दाखवली, दोघं खुश. घरी मिलचा विषय न काढणारा माणूस परत येताना बसमध्ये बोलतच सुटला, बाबिन, जॉबर, भोंगा, रात्रपाळी. बाबा आता नाहीत. तुम्ही कुणाला नेलंत, काय पाहिलंत, लिहा ना.

सायली_के:
गलबलून आलं गं. नंतर सविस्तर लिहिते, कुकर लावलाय.

बार्शीचा_पोरगा:
आर्मली मिल्स!! लीड्सचं इंडस्ट्रियल म्युझियम, लीड्समध्ये बनलेली इंजिनं ठेवलीत तिथे. आमची बार्शी लाइट रेल्वे 1897 ची, अडीच फुटी रुळांची होती, तिची पहिली इंजिनं लीड्सच्याच किटसन कंपनीची. आजोबा कुर्डुवाडी वर्कशॉपला होते, मी इंजिनांचे फोटो काढून काढून घरच्या ग्रुपवर टाकले, काका म्हणाले बॉयलरचा जवळून काढ.

मृण्मयी:
रॉयल आर्मरीज, लीड्स. फुकट आहे. हत्तीचं चिलखत बघायलाच जा, 118 किलो, बारीक बारीक लोखंडी पट्ट्या कड्यांनी गुंफलेल्या आणि मधे चौकोनी पत्र्यांवर हत्ती, मासे, पक्षी उठवलेत. आठपैकी सहा भाग उरलेत. रॉबर्ट क्लाइव्हच्या सुनेने 1801 मध्ये भारतातून आणलं म्हणे हे वाचून सासूबाई तिथेच थांबल्या, कारागिराचं नाव कुठे लिहिलंय का शोधत होत्या. नाहीये. मला तेव्हापासून तेच डोक्यात राहिलंय.

रेवती_लीड्स:
@मृण्मयी सासूबाईंना नमस्कार सांग माझा.

चकलीवाली_यॉर्क:
रेल्वे म्युझियम, यॉर्क. मॅलार्ड आहे, 1938 ला ताशी 126 मैल धावलेलं वाफेचं इंजिन, निळंशार. पण आमचा लेक जपानच्या बुलेट ट्रेनमध्ये जाऊन बसला तो उठेना. शेवटी पुरी भाजीचं आमिष दाखवलं. आणि यॉर्विकला, यॉर्कमधल्याच व्हायकिंग म्युझियमला, मुलांना नक्की न्या, हजारेक वर्षांपूर्वीच्या व्हायकिंग माणसाची वाळलेली शी काचेत ठेवलीय, 1972 ला बँकेच्या जागेत खोदताना सापडली. आमच्या घरात आठवडाभर तोच विषय.

सायली_के:
ई गं 😂 जेवताना वाचलं.
माझं सॉल्ट्स मिल. हॉकनीची चित्रं एवढ्या मोठ्या गिरणीत, आत शिरल्या शिरल्या लिलीच्या फुलांचा वास येतो. आई चित्रांपेक्षा खांब आणि खिडक्याच बघत होती, म्हणाली इथे उजेड किती आहे बघ, शिवण करायला केवढी छान जागा. हॉकनी ब्रॅडफर्डचाच ना.

बार्शीचा_पोरगा:
हो, 1937 चा जन्म. ब्रॅडफर्डवरून आठवलं, हापूसची पेटी मिळते का तिकडे कुठे? पाकिस्तानी आंबे ढीगभर दिसतात, ते पण गोड असतात पण आई ऐकत नाही.

चकलीवाली_यॉर्क:
चौसा घे, फ्रीजमधून काढून. आईला आधी खायला दे, नाव नंतर सांग.

वऱ्हाडी_माणूस:
कोळशाचं म्युझियम, वेकफिल्डजवळ. माझे वडील चंद्रपूरले वेकोलित, कोळशाच्या खाणीत होते. पिंजऱ्यातून 140 मीटर खाली नेलं आम्हाले, मोबाईल, घड्याळ, बॅटरीचं सगळं वरच जमा, ठिणगी नको म्हणून. खाली एकदा दिवे घालवले, स्वतःचा हात दिसत नव्हता. वडील हळूच म्हणाले आमच्याइथंबी असाच अंधार. गाईड जुना खाणकामगारच होता, त्याले वडिलांच्या कामाचं सांगितलं तर त्यानं पहिले हातच मिळवला.

मृण्मयी:
@वऱ्हाडी_माणूस गुडघेदुखीवाल्यांना जमेल का खाली? सासूबाई विचारतायत.

वऱ्हाडी_माणूस:
वाकून चालावं लागते काही ठिकाणी ताई, टोपीवर दिवा असतो तो पण जड. आधी फोन करून विचारा. नाहीतर वर बसून घोडे बघू द्या त्यायले, खाणीतले घोडे पाळलेत तिथं.