मदत हवी आहे: लिथियम बॅटरी अस्सल की डुप्लिकेट, कसं ओळखायचं? (खानापूर)

मलप्रभाकाठ
बेळगावातनं लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी आणलीय, १२.८ व्होल्ट १०० एएच (अँपिअर-तास). दुकानदार म्हणाला ए ग्रेड सेल, ४००० सायकल, पाच तास बॅकअप नक्की. इथं दोन तास पण चालेना झालीय. फोन केला तर सांगालाय, "मीटरवर १३.२ दाखवालंय नव्हं, मग फुल आहे." परत घ्यायची मुदत संपत आलीय. टेस्ट कुठली करायची तेवढं सांगा. ब्रँड सुचवू नका.

टिळकवाडी_इन्व्हर्टर
इन्व्हर्टर कुठला? त्यात लिथियमचं सेटिंग आहे का? आणि लोड काय टाकलाय? नुसतं दोन तास म्हणून काय कळणार?

निपाणी_अण्णा
लिथियमच्या नादाला लागू नका. १५० एएचची ट्यूब्युलर (लेड-ॲसिडची) घ्या, वेळच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर घाला. आमच्या तंबाखूच्या वखारीत तीच आहे, कधी तक्रार नाही.

मलप्रभाकाठ
अण्णा, ट्यूब्युलर काढूनच ही बसवलीय. इन्व्हर्टर जुनाच, साधा. लोड म्हणजे आईचं ऑक्सिजनचं मशीन, पाच लिटरचं. आणि एक बल्ब.

उद्यमबाग_विंडिंग
मग हिशेब करा. ते मशीन ३०० ते ३५० वॅट सलग ओढतं. १२.८ गुणिले १०० म्हणजे १२८० वॅट-तास. इन्व्हर्टरमध्ये १५ टक्के गेले धरा, हातात १०९० उरतात. बॅटरी एकदम अस्सल असली तरी तीन-साडेतीन तास. पाच तास कुठल्याही १०० एएचवर होणार नाहीत. पण दोनच्या आत येणं, हे मात्र कमी आहे.

चिक्कोडी_सिस्टर
बॅटरीचं बोलणं चालू द्या, पण घरात भरलेला सिलिंडर रेग्युलेटरसकट तयार आहे का? मशीनवरचा पेशंट असेल तर बॅटरी कितीही चांगली असो, सिलिंडर हवाच. किती लिटरवर लावायचा ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

मलप्रभाकाठ
आहे ताई, लहान आहे. पावसात जांबोटीकडं झाड पडलं की रात्रभर लाईट नसते आणि सिलिंडर भरायला बेळगाव गाठावं लागतं. म्हणून तर बॅटरी घेतली. टेस्ट सांगा कुणीतरी.

येळ्ळूर_८८
माझ्या ई-स्कूटरची रेंज पण कमी झालीय. त्यातली बॅटरी फॉस्फेटचीच असते का?

हिंडलगा_पॅक
मलप्रभाकाठ, १३.२ व्होल्टवरून काहीही सिद्ध होत नाही. या केमिस्ट्रीत चार्ज ३० टक्के असो की ७०, व्होल्टेज जवळजवळ तेवढंच दिसतं. लेड-ॲसिडचा अंदाज इथं लावू नका. खरी परीक्षा दोन टोकांना होते.

आत चार सेल एकामागे एक असतात. प्रत्येक साधारण ३.६५ व्होल्टला पूर्ण भरतो आणि २.५ ला रिकामा होतो. चारांपैकी एकानं टोक गाठलं की बीएमएस (सेल जपणारी आतली सर्किट-पट्टी) सगळी बॅटरी बंद करते, बाकीच्या तिघांत माल शिल्लक असला तरी. ब्लूटूथचं ॲप असेल तर प्रत्येक सेलचं व्होल्टेज दिसेल. चार्जिंग पूर्ण होताना आणि बॅटरी उतरून बंद पडताना, दोन्ही वेळचे आकडे लिहून घ्या. वर एक सेल पहिला पोहोचला आणि खाली दुसराच पहिला बसला, तर नुसतं बॅलन्स बिघडलंय (सेल सारखे भरलेले नाहीत), ते सुधारतं. पण जो वर पहिला तोच खालीही पहिला असेल, तर त्या सेलची क्षमताच कमी आहे. त्याला औषध नाही.

सोबत बॅटरी आणि इन्व्हर्टरच्या मध्ये डीसी वॅट मीटर लावा. दिवसा, लाईट असताना करा. आईचं मशीन थेट भिंतीच्या पॉइंटवर ठेवा, इन्व्हर्टरचा प्लग काढा आणि त्यावर १०० वॅटचे तीन पिवळे बल्ब जाळा. बंद पडेपर्यंत किती एएच गेले ते मीटर सांगेल. त्या वेळात लाईट गेली तर सिलिंडर हाताशी हवा.

टिळकवाडी_इन्व्हर्टर
एवढं कशाला? खोका उघडून सेलवरचा क्यूआर बघा. खरवडलेला असला तर माल ए ग्रेड नाही, विषय संपला.

हिंडलगा_पॅक
खोका उघडला की वॉरंटी गेली, आणि दुकानदाराला तेच पाहिजे असतं. अजिबात उघडू नका. बाहेरनं बघायचंच तर वजन बघा. १२.८ व्होल्ट १०० एएचचा खरा पॅक दहा-बारा किलोचा असतो. सात किलो भरला तर विचारायला नको.

निपाणी_अण्णा
आणि ४००० सायकलचं काय? खानापुरात दिवसातनं चारदा लाईट जाते. तीन वर्षांत संपेल की.

हिंडलगा_पॅक
तसं मोजत नाहीत अण्णा. चारदा पाव-पाव वापरली तर मिळून एकच सायकल. ४००० झाल्यावर बॅटरी मरत नाही, सहसा ८० टक्के क्षमता उरते असा त्याचा अर्थ. तो आकडा २५ अंश तापमानाला काढलेला असतो. उन्हात तापणाऱ्या पत्र्याखाली कायम फुल चार्ज ठेवली तर लवकर थकेल. आपल्याकडं हवा बरी आहे, फक्त गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नका.

मलप्रभाकाठ
केली टेस्ट. वजन ११ किलो. चार्ज बंद झाला तेव्हा तिसरा सेल ३.६४, बाकीचे ३.३६ च्या आसपास. बल्ब विझले तेव्हा तिसराच २.५१ आणि बाकीचे ३.२०. मीटरवर ५७ एएच.

हिंडलगा_पॅक
तिसरा सेल कमजोर आहे. बॅलन्सिंग करून देतो म्हणाला तर ऐकू नका, बदलूनच मागा. दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट आणि मीटरचा फोटो व्हॉट्सॲपवर आजच पाठवा, म्हणजे मुदतीत तक्रार केल्याचं नोंदीत राहील. बिलावर १०० एएच लिहिलंय ना?

मलप्रभाकाठ
लिहिलंय, जीएसटीचं बिल आहे. आत्ताच पाठवलं. उद्या पहिल्या गाडीनं जातो.

उद्यमबाग_विंडिंग
मीटर आणि बल्ब घेऊन जा. नवीन देतील तीसुद्धा तिथंच लोडवर लावून पूर्ण उतरवून बघा, तीन-चार तास बसावं लागलं तरी. रात्रभराचा बॅकअप पाहिजे असेल तर मात्र १०० एएचनं भागणार नाही. दहा तासांना ३५० वॅटनं ३०० एएचच्या वर जाईल. तो दर पण विचारून ठेवा.