225/45 आर17 मापाचा टायर: मिशेलिन पायलट स्पोर्ट 4 की प्रायमसी 4?

प्रश्न: मंडळी, गाडी स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस. रविवारी ताम्हिणी उतरताना भर पावसात एका वळणावर पुढची चाकं सरळच घसरत गेली. घरी येईपर्यंत हात थरथरत होते. टायरच्या खाचा जेमतेम 2 मिमी खोल उरल्यात. मिशेलिनचा कुठला घेऊ?

उत्तर: दादा, कायद्याची मर्यादा 1.6 मिमी असली तरी पावसासाठी 3 मिमीलाच बदलायला हवे होते. उथळ खाचा पाणी बाहेर फेकत नाहीत. घाट आवडतो ना? मग पायलट स्पोर्टच. बाजू ताठ, स्टिअरिंग फिरवलं की गाडी लगेच वळते. झिजतो मात्र लवकर.

उत्तर: रोज खड्ड्यांतून ऑफिस असेल तर प्रायमसी. शांत चालतो.

उत्तर: टायरच्या बाजूवरचा उत्पादनाचा चार आकडी कोड वाचूनच पैसे द्या. 1225 म्हणजे 2025 चा 12वा आठवडा.

प्रश्नकर्ता: पायलट स्पोर्ट ठरला. चारही एकदमच बदलतो.