सल्ला हवा: वेल्समधलं लहानपणीचं गाव, ८९ वर्षांच्या बाबांना घेऊन ४ दिवस

मिरजेची_मावशी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे बाबा डॉक्टर. १९६७ ते १९७६ आम्ही साउथ वेल्समध्ये ट्रिऑर्की नावाच्या गावात होतो. ऱ्होंदाचं खोरं, सगळी खाणकामगारांची वस्ती. डोंगराच्या पोटाला चिकटून एकसारख्या घरांच्या रांगा. आमच्या पुढच्या खोलीत बाबांचा दवाखाना आणि मागे आम्ही. मी गेले तेव्हा चार वर्षांची, परत आले तेव्हा तेरा. नदी कोळशाच्या धुळीने काळी वाहायची. मिरजेला आल्यावर कृष्णा बघून मी आईला विचारलं होतं, हिला कुणी धुतली का?

येत्या मे महिन्यात बाबांना एकदा नेऊन आणायचं आहे. मुलगी मँचेस्टरला असते, ती येईल. प्रश्न असे:
१. घराचा नंबर कुणालाच आठवत नाही. जुने नकाशे, फोटो कुठे मिळतील?
२. शाळेत माझी काही नोंद सापडेल का?
३. राहावं कुठे?

विमान आणि व्हिसा सोडून तिघांचं राहणं-खाणं-फिरणं मिळून ६०० पौंड. त्याच्या वर नाही. बाबा दोनेकशे पावलं चालतात, मग बसावं लागतं.

लंडनवाला_बंड्या
ताई, एवढा व्हिसा काढून चार दिवस खाणींच्या गावात? आम्ही गेल्या वर्षी लंडन, लेक डिस्ट्रिक्ट, एडिनबरा असं अकरा दिवसांत केलं, तेही स्वतः गाडी चालवून. बजेट २००० पर्यंत न्या, मजा येईल. इंग्लंडला रोज रोज जाणं होत नाही.

तिरकस_तात्या
बंड्या, वेल्स म्हणजे इंग्लंड नव्हे. नागपूरकराला "तुम्ही पुण्याचेच ना?" असं विचारून बघ एकदा.
मावशींनी 'ऱ्होंदा' बरोबर लिहिलंय याचा आनंद झाला. वेल्शमधला तो श्वास सोडत म्हणायचा 'र' इंग्रजांना जमत नाही. आपल्याकडे 'ऱ्हास'मध्ये तयारच आहे.

लंडनवाला_बंड्या
पासपोर्ट एकच ना? मग झालं.

स्लाउची_सून
गाडी अजिबात घेऊ नका!! त्याच भागातल्या एका गावात आम्ही गेलो होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मधून एक जेमतेम जाईल. समोरून बस आली. नवऱ्याने मागे घेतली, आरसा गेला. कंपनीने (नाव घेत नाही) डिपॉझिट तर ठेवलंच, वर "प्रशासकीय शुल्क". सहा महिने मेल चालू होत्या. आरसा केवढा, तर माझ्या तळहाताएवढा.

लंडनवाला_बंड्या
गाडीशिवाय म्हातारी माणसं कशी नेणार? विमा पूर्ण घ्यायचा असतो वहिनी.

स्लाउची_सून
घेतला होता.

नकाशेवेडा
मावशी, पैसे खर्च न करता: नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडची नकाशांची साइट. नाव स्कॉटलंडचं असलं तरी वेल्सचे नकाशेही आहेत. ऑर्डनन्स सर्व्हेचा (ब्रिटनची सरकारी नकाशा संस्था) '२५ इंची' नकाशा निवडा, म्हणजे जमिनीवरचा एक मैल कागदावर २५ इंच. त्यात एकेक घर, मागचं अंगण, चॅपल, खाणीचे रूळ, सगळं दिसतं. आजच्या उपग्रह चित्रावर तो नकाशा ठेवून पट्टी सरकवली की जुनं विरत जातं आणि नवं वर येतं. मी पहाटे तीनपर्यंत हेच करत बसतो, बायको वैतागली आहे.
घराचा नंबर नसू दे. शेजारी काय होतं ते आठवा: चॅपल, पब, जिना, पूल. त्यावरून घर सापडतं.

कुलवृत्तांत
नकाशे वगैरे ठीक, पण खरं काम जनगणनेच्या कागदात होतं. मी एका साइटचं वर्षाचं सदस्यत्व घेतलंय आणि १९२१ च्या जनगणनेत साहेबाच्या घरी काम करणारे आमचे पणजोबा शोधून काढले. मावशींनी १९७१ ची जनगणना काढावी. नाव, पत्ता, सगळं मिळेल.

नकाशेवेडा
नाही मिळणार. तिथे जनगणनेचे कागद शंभर वर्षं बंद असतात. १९२१ चे २०२२ मध्ये उघडले. इंग्लंड-वेल्सचे १९३१ चे १९४२ च्या आगीत जळाले, १९४१ ला युद्धामुळे जनगणनाच झाली नाही. १९७१ चे बघायला मावशींना २०७२ पर्यंत थांबावं लागेल.

कुलवृत्तांत
मी सर्वसाधारण बोलत होतो.

तिरकस_तात्या
सदस्यत्व आपोआप नूतनीकरण होतं का हो तुमचं?

कुलवृत्तांत
हो. 😑

गोडघाशी
ट्रिऑर्की!! वेल्श केक खाल्ले की नाही? तव्यावर भाजलेले, मनुका घातलेले, वरून साखर. आणि तिकडच्या इटालियन कॅफेंना 'ब्राकी' म्हणतात ना? इटलीतल्या बार्दी भागातून आलेली कुटुंबं, खोऱ्याखोऱ्यात कॅफे काढून बसली. मी कार्डिफला फक्त तीन तास होते पण त्यातला दीड तास केक खाण्यात गेला. बाकी सल्ला काही नाही.

मिरजेची_मावशी
सगळ्यांचे आभार. गोडघाशी, ब्राकी म्हणजे आमचं नंदनवन. काचेवर वाफ धरलेली असायची, त्यावर बोटाने नाव लिहायचं. आणि कोरोना! (रोग नव्हे हो.) कोरोना नावाचं गोड सरबत असायचं, जवळच पोर्थ गावात बनायचं. लॉरी दारावर यायची. रिकामी बाटली परत दिली की डिपॉझिट मिळायचं, म्हणून आम्ही पोरं बाटल्या शोधत हिंडायचो. २०२० मध्ये टीव्हीवर तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला संत्र्याची चव आठवली, कुणाला सांगायची सोय नव्हती.

नकाशेवेडा, शेजारी काय होतं ते आठवलं: कोळसा. खाणीतल्या माणसांना घरचा कोळसा मिळायचा. लॉरी येऊन प्रत्येक दारासमोर ढीग ओतून जायची. मग शेजारची मॅम (तिथे आईला मॅम म्हणतात) फावड्याने तो उचलून घरातल्या कोळशाच्या कोठीत टाकायची आणि पुढची फरशी घासून काढायची. त्या कोठीला 'कुच' म्हणायच्या, आणि पोराला कवेत घेण्यालाही 'कुच'च. मला बरीच वर्षं वाटत होतं की तिला कोळशाचंही प्रेम आहे.

तिरकस_तात्या
याच काळात थॅचरबाईंनी (तेव्हा त्या शिक्षणमंत्री) शाळेतलं फुकट दूध बंद केलं ना? तुमचं गेलं का?

मिरजेची_मावशी
गेलं. १९७१, सात वर्षांवरच्या मुलांचं. मी आठ वर्षांची. छोटी बाटली, एक तृतीयांश पाइंट. थंडीत शेगडीजवळ ठेवायच्या, त्यामुळे दूध कोमट आणि वास येणारं. मला तर सुटका वाटली. बाबा मात्र फार चिडले होते.

लंडनवाला_बंड्या
थॅचरबाईंनी देश सावरला, हे पण लिहा.

तिरकस_तात्या
ट्रिऑर्कीत जाऊन खाणकामगारांसमोर मोठ्याने म्हण. मी इथून ऐकतो.

संपादक
राजकारण नको. मूळ प्रश्नाकडे या.

कार्डिफकर_काका
उशिरा आलो. एकोणतीस वर्षं कार्डिफला आहे, तेव्हा जरा सविस्तर.

आधी गैरसमज. खाणी गेल्या. ऱ्होंदातली शेवटची खोल खाण म्हणजे मार्डी, डिसेंबर १९९० मध्ये बंद झाली. नदी आता स्वच्छ आहे, टेकड्या हिरव्या आहेत. बाबांच्या डोळ्यांपुढचं काळं गाव तिथे नाही, हे त्यांना आधी सांगा. माझ्या ओळखीचे एक डॉक्टर असेच परत आले आणि चुकीच्या गावात उतरलो म्हणून भांडले.

रेल्वे: कार्डिफहून ट्रेहर्बर्टच्या गाडीने थेट ट्रिऑर्की, साधारण एक तास. काम काढून ती लाइन २०२३ मध्ये बंद केली होती, २०२४ च्या फेब्रुवारीत परत सुरू झाली. त्या काळात बसने जाताना माझी कंबर गेली, पण ते असो. मुक्काम कार्डिफलाच करा. वर खोऱ्यात हॉटेलं मोजकी आणि संध्याकाळी करायला काही नाही.

कागदपत्रं: कार्डिफला ग्लॅमॉर्गन आर्काइव्ह्ज. आधी मेल करा, जागा आणि कागद राखून ठेवायला सांगा. असेच उठून जाऊ नका, मी गेलो होतो. शाळांची लॉगबुकं अशा ठिकाणी मिळतात, म्हणजे हेडमास्तरांची रोजनिशी: बर्फामुळे हजेरी कमी, बॉयलर बंद, असलं सगळं. मुलांची नावं असलेली रजिस्टरं बरीच वर्षं बंद ठेवतात, तुमची स्वतःची नोंद मागता येते का ते मेलमध्येच विचारा. ट्रिऑर्कीच्या वाचनालयातही स्थानिक इतिहासाचा विभाग आहे, आणि काउंटीच्या वाचनालयांनी जुने फोटो ऑनलाइन ठेवलेत.

वेल्श न्यूजपेपर्स ऑनलाइन फुकट आहे, पण त्यात साधारण पहिल्या महायुद्धापर्यंतचीच वर्तमानपत्रं आहेत. तुमच्या काळाला उपयोग नाही. बाबांचा पत्ता मात्र छापील मेडिकल रजिस्टरच्या जुन्या अंकांत असणार, त्यात डॉक्टरांचे पत्ते असायचे.

पुणेरी_पाटी
नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडची एक साइट आहे, त्यावर जुने नकाशे फुकट मिळतात. फारसं कुणाला माहीत नाही.

नकाशेवेडा
🙏

कार्डिफकर_काका
आणखी एक, हे चुकवू नका. कार्डिफजवळ सेंट फेगन्सचं संग्रहालय, प्रवेश फुकट. मर्थर टिडविलच्या ऱ्हिडीकार गल्लीतली सहा कामगार-घरं दगड न् दगड सोडवून तिथे आणून उभी केलीत. एकेक घर एकेका काळातलं सजवलंय: १८०५, १८५५, १८९५, १९२५, १९५५, १९८५. तुमचं साल नेमकं पाचव्या आणि सहाव्या घराच्या मधल्या भिंतीत येतं! आवार मोठं आहे, व्हीलचेअर लागेल.

स्लाउची_सून
आम्ही ब्लेनावॉनच्या बिग पिटला गेलो होतो, खरी खाण, ९० मीटर खाली नेतात. फोन, बॅटरीचं घड्याळ, सगळं वर काढून घेतात. खाली दिवे मालवले तेव्हा नवरा पहिल्यांदा दहा मिनिटं गप्प बसला. जवळच अॅबरफॅन पण आहे, ते करून टाका.

कार्डिफकर_काका
अॅबरफॅन "करून टाकायचं" ठिकाण नाही. २१ ऑक्टोबर १९६६, खाणीच्या राडारोड्याचा ढिगारा शाळेवर आला, ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. जायचं तर तिथल्या स्मृतिबागेत थोडा वेळ बसा, फोटो काढू नका. शेजारी अजून त्यांचीच घरं आहेत.

स्लाउची_सून
शब्द चुकला. माफ करा.

मिरजेची_मावशी
आम्ही त्यानंतर काही महिन्यांनी पोहोचलो. आई सांगायची, पाऊस लागला की शाळेच्या फाटकाशी बायका जरा लवकरच येऊन उभ्या राहायच्या.

कुलवृत्तांत
पण एवढे भारतीय डॉक्टर तिथे गेले कसे?

कार्डिफकर_काका
तिथल्या डॉक्टरांना खाणीच्या गावात यायचं नव्हतं म्हणून. रुग्णांच्या याद्या लांब, छातीचे आजार, डोंगरावर रात्रीच्या व्हिजिटा. ज्या एनएचएसचा (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) एवढा गवगवा, तिची कल्पना तेव्हाचा आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हनने पलीकडच्या खोऱ्यातल्या ट्रेडेगरच्या कामगारांच्या वैद्यकीय मंडळावरूनच उचलली. १९४८ मध्ये ती सुरू झाली आणि नंतर याच खोऱ्यांत ती चालवायला मिरज-पुण्याची माणसं लागली.

मिरजेची_मावशी
मंडळी, ठरलं. रागावू नका.

मुक्काम ट्रिऑर्कीतच, चारही रात्री. स्टेशनजवळ तळमजल्यावरची खोली मिळाली. संध्याकाळी करायला काही नाही हेच बाबांना हवंय. गाडी नाही, आर्काइव्ह नाही, खाणीत उतरणं नाही. सेंट फेगन्स जमलं तर.

आणि नकाशेवेडा, तुम्ही फुकट साइट दाखवूनही मी पैसे देऊन छापील नकाशा मागवला. ३४ पौंड, पोस्टाने मुलीकडे, तिथून कुणाबरोबर तरी मिरजेला. फोनवर दोन बोटांनी मोठं करताना बाबांचा हात थरथरतो आणि गाव उडून जातं.

काल टेबलावर पसरला. भिंग घेऊन बसले. मला वाटलं घर शोधतील, पण त्यांनी बोट ठेवलं ते वरच्या गल्लीला जाणाऱ्या एका बारीक रेषेवर. म्हणाले, "हा जिना. छातीत धूळ बसलेला माणूस यावर किती वेळा थांबतो ते मी खाली उभं राहून मोजायचो. स्टेथोस्कोप नंतर."

स्ट्रीट व्ह्यूवर तिथे लोखंडी कठडा दिसतोय, पुढे झाडी. जिना अजून आहे का, कुणी सांगू शकेल?

कार्डिफकर_काका
रविवारी जातो. पायऱ्या मोजून कळवतो.

गोडघाशी
काका, येताना वेल्श केक.

लंडनवाला_बंड्या
मग लंडनचं एक दिवस तरी बघताय ना?