अनुभव धागा: जवस रोज खाऊन तुम्हाला काय फरक पडला?

विदर्भातल्या ताटात जवसाची चटणी नवी नाही. आता तोच जवस पूड आणि कॅप्सूल होऊन औषधाच्या दुकानात आलाय. नागपूरकरांनो, निदान दोन-तीन महिने घेतलेल्यांनी आपल्या वस्तीचं नाव टाकून स्वतःचा अनुभव लिहा. त्रास झाला असेल तर तोही.

महाल
सासूबाईंना बद्धकोष्ठाचा जुना त्रास. आधी अख्खा जवस दिला, तर बी जसंच्या तसं बाहेर पडायचं. मग भाजून, कुटून ताकात दोन चमचे सुरू केलं. पहिल्या आठवड्यात पोट फुगलं, कारण त्या पाणीच कमी पीत होत्या. पाणी वाढवलं आणि पंधरा दिवसांत पोट साफ होऊ लागलं. आता सहा महिने झाले, घेऊनच राहिल्या आहेत.

धंतोली
चार महिन्यांत माझं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 148 वरून 136 वर आलं. पण त्याच काळात सकाळचा तर्री-पोहा सोडला आणि अंबाझरीला फिरायला लागलो. सगळं श्रेय जवसाला देणं मला पटत नाही. डॉक्टरांनी गोळी चालूच ठेवलीय.

सक्करदरा
उन्हाळ्यात जपा! मे महिन्यात किलोभर कुटून ठेवला, दहा दिवसांत खवट वास सुटला. जवसाचं तेल हवेनं आणि उष्णतेनं लवकर बिघडतं, आणि नागपूरचा पारा तर 45 च्या पुढे जातो. आता इतवारीतून अख्खाच आणते, आठवड्यापुरता कुटून फ्रीजमध्ये ठेवते.

मानेवाडा
मी शाकाहारी, म्हणून ओमेगा-3 साठी जवस तेलाच्या 500 मिलिग्रॅमच्या कॅप्सूल घ्यायचो. नंतर हिशेब केला. 10 ग्रॅम पुडीतच साधारण 2 ग्रॅम अल्फा लिनोलेनिक आम्ल (जवसातलं ओमेगा-3) मिळतं, शिवाय चोथा, जो कॅप्सूलमध्ये नसतो. मात्र माशातलं ओमेगा-3, म्हणजे ईपीए-डीएचए, त्यापासून शरीर फार थोडं बनवतं, हेही कळलं. कॅप्सूल बंद केल्या. भाकरीवर चटणी आणि तेल, बस.

प्रतापनगर
बाबा रक्त पातळ करणारी गोळी घेतात. जवस सुरू केल्याचं आम्ही तपासणीच्या वेळी सहज सांगितलं, तर डॉक्टर म्हणाले, हे आधी सांगायला हवं होतं. त्यांनी रक्ततपासणी लवकर करून घेतली. ती ठीक आली. आता रोज एकच चमचा, तोही जेवणात. गोळ्या आणि जवस एका वेळी देत नाही, मध्ये दोन तास जाऊ देतो.