जोचॉंग: काकवी की पाक?

पारिजात: कोरियन मिठायांच्या कृती मराठीत आणतेय. याकग्वा तळून 'जोचॉंग'मध्ये मुरवतात. मी 'काकवी' लिहिलं, संपादकांनी 'पाक' केलं. कोणतं बरोबर?

उंबर: दोन्ही चूक. काकवी उसाची, पाक साखरेचा, जोचॉंग तांदळाचं. किलोभर तांदळाच्या भातात, मोड आणून वाळवलेल्या सातूची 250–300 ग्रॅम पूड पाण्यात कालवून घालतात. सहा-आठ तास 60 अंशांच्या आसपास ठेवायचं. शितं पोकळ होऊन तरंगली की गाळून आटवायचं. 70 च्या वर गेलं तर विकरं मरतात, भात गोड होत नाही. फार कोमट राहिलं तर आंबतं.

दगडफूल: आटवणं तेच, रंग तोच, धारही तशीच. मग काकवी का नको? वाचकाला कळलं की झालं.

उंबर: वाचक खरंच काकवी आणेल ना! आलं, तीळ सगळं त्या वासात बुडेल. पाक गार झाला की कणी धरतो. जोचॉंगमध्ये मुख्यतः माल्टोज, म्हणून चिकट राहतं. गांगजॉंग या तळलेल्या कोरियन मिठाईवरच्या लाह्या त्याच्याच जोरावर टिकतात.

नसतीउठाठेव: 'चॉंग' हा मधाचा जुना शब्द, 'जो' म्हणजे केलेला. घडीव मध? आणि याकग्वातलं 'याक' म्हणजे औषध, कारण मध औषध मानत. म्हणून 'औषधी बिस्कीट' लिहू नका, कृपा करा. (1192 मध्ये कोरियातल्या गोऱ्यो राजवटीच्या दरबाराने या मधाच्या तळणावर बंदीच घातली होती.)

चिरोटा: शब्द राहू द्या, कृतीत 'मळा' लिहिलंय का? तेवढं खोडा. 200 ग्रॅम मैद्याला तीन टेबलस्पून तिळाचं तेल, म्हणजे आपलं मोहनच. चोळून चाळणीतून घासायचं. मग मध, तांदळाची दारू, आल्याचा रस. गोळा जमेपर्यंत फक्त दाबायचं, दुमडायचं. मळलं की चिवट होतं, पदर सुटत नाहीत, पाक आत शिरत नाही. आधी 110–120 अंशांवर पदर उघडेपर्यंत तळायचं, मग 140–150 वर रंगासाठी. पहिल्यापासून कडक तेल असेल तर वरून तांबूस, आत कच्चं.

दगडफूल: 'पाक शिरत नाही'! तुम्हीच लिहिलंत.

चिरोटा: मुरवायचं ते जिपचॉंग. जोचॉंग आणि मध आल्याबरोबर उकळून करतात. त्याला पाक म्हणायला माझी हरकत नाही.

उंबर: माझी आहे.

खानदेशकर: सातूला मोड कसे येतील? सातू म्हणजे भाजलेल्या गहू-डाळ्यांचं पीठ. जव म्हणा.

उंबर: सातू हे धान्याचंच नाव, पीठ नंतरचं.

खानदेशकर: दुकानात सातू मागून बघा काय देतात ते.