मदत हवी आहे: अमिगा ६०० ला लिनक्स पीसीतून इंटरनेट, १९२०० बॉडला डेटा गळतो

मंडळी, अमिगा ६०० (जुना घरगुती संगणक; फक्त २ एमबी चिप रॅम, म्हणजे प्रोसेसर आणि चित्र-आवाजाच्या चिपा वाटून वापरतात ती मेमरी) नल मोडेम केबलने, म्हणजे दोन सीरियल पोर्ट थेट जोडणाऱ्या केबलने, लिनक्स पीसीला जोडलाय. पीसीवर एफटीडीआय चिपचा यूएसबी-सीरियल आणि पीपीपीडी (सीरियल तारेवरून नेटवर्क चालवणारा प्रोग्राम), मास्करेड (पीसीचं इंटरनेट अमिगाला वाटून देणं) चालू, अमिगावर अमिटीसीपी हे इंटरनेटचं सॉफ्टवेअर. केबलमध्ये पाचच तारा: अमिगाची २ नंबर पिन पीसीच्या २ ला, ३ ची ३ ला, ७ ची ५ ला, ४ ची ८ ला, ५ ची ७ ला. तयार २५ तारांची केबल मुद्दाम टाळली. अमिगाच्या ९ आणि १० नंबर पिनांवर +१२ आणि -१२ व्होल्ट असतात, समोरच्या पोर्टची वाट लागायची.

९६०० ला सुरळीत. १९२०० ला छोटे पिंग जातात, पण मोठी फाइल उतरवताना अमिगाच्या बाजूला सीआरसी (डेटा बिघडला का ते पाहणारी बेरीज) चुकतात आणि सगळं अडकतं. अमिगाचा सीरियल पोर्ट सांभाळणाऱ्या पॉला चिपला फिफो (आलेले बाइट रांगेत धरून ठेवणारी जागा) नाही. आलेला बाइट वेळेत उचलला नाही की पुढचा त्यावर बसतो. आरटीएस-सीटीएसने (समोरच्याला 'थांब' सांगणाऱ्या तारांनी) हे थांबत नाही, कारण आरटीएस खाली येतो तो सॉफ्टवेअरचा बफर भरल्यावर. वर्कबेंच (अमिगाचा डेस्कटॉप) १६ वरून ४ रंगांवर आणल्यावर बराच फरक पडला (हायरेसमध्ये १६ रंग म्हणजे चित्राच्या ओळी काढताना प्रोसेसरला चिप रॅम मिळतच नाही), तरी गळती आहेच. एमआरयू (एका पॅकेटचा कमाल आकार) २९६ करूनही.

नेहमीच्या सीरियल ड्रायव्हरऐवजी बॉडबँडिट किंवा ८एन१ नुसत्या ६८००० प्रोसेसरवर कोणी चालवलंय का? की आधी फास्ट रॅमच (फक्त प्रोसेसरसाठीची वेगळी मेमरी) घालावी?

आणि १६-बिटचं, एनई२००० जातीचं पीसीएमसीआयए नेटवर्क कार्ड पुण्यात कुठे मिळेल? पासोड्या विठोबापाशी, की बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात? ३२-बिट कार्डबस नको, ६०० ला ते चालत नाही.