रोज एक कविता, महिनाभर: सराव की रतीब?

टिळकवाडीचा वाचक
एप्रिलभर रोज एक कविता लिहिण्याचा उपक्रम काल येथे जाहीर झाला. ‘कविता सुचत नाही ही तक्रार आता नको, रोज सकाळी प्रॉम्प्ट, म्हणजे लिहिण्यासाठी एक विषय, मिळेल आणि महिनाअखेर तुमचा संग्रह तयार असेल,’ असे त्या निवेदनात म्हटले आहे. यातल्या संग्रहाच्या आश्वासनाने मी अस्वस्थ झालो, म्हणून सविस्तर लिहितो. अमेरिकेत १९९६ पासून एप्रिल हा राष्ट्रीय काव्यमास म्हणून पाळला जातो. त्याच महिन्यात तीस दिवसांत तीस कविता लिहिण्याचा संकल्प मॉरीन थॉर्सन या कवयित्रीने २००३ मध्ये सुरू केला. त्यांनी तो जरूर करावा. पण इंदिरा संत ज्या बेळगावात राहिल्या आणि लिहित्या राहिल्या, तिथे कवितेचा रतीब घालायचा? त्यांची एकही ओळ मला हजेरी लावायला आलेली वाटत नाही. आपल्याकडे आधीच पदरमोड करून संग्रह काढायचा, प्रकाशन करायचे, शाल-श्रीफळ घ्यायचे आणि उरलेल्या प्रती माळ्यावर टाकायच्या, असा प्रघात पडला आहे. त्यात ही भर कशाला?

निपाणीची शिक्षिका
सर, दिलेल्या सूत्रावर लिहिणे ही अमेरिकेची देणगी नाही. संस्कृतातली समस्यापूर्ती, म्हणजे दिलेल्या ओळीवरून श्लोक पुरा करणे, तीच होती आणि उर्दूतल्या तरही मुशायऱ्यात गझलेसाठी मिसरा, म्हणजे एक ओळ, देतात तोही त्याचसाठी. माझा अनुभव सांगते. वर्गात ‘कविता लिहा’ म्हटले की मुले आई, शिवाजी महाराज आणि पाऊस यांच्यावर लिहितात आणि सगळ्यांची वही एकसारखी दिसते. एकदा मी फक्त ‘दोरा’ एवढाच विषय दिला. एका मुलीने विड्या वळणाऱ्या आईविषयी लिहिले: मांडीवर सूप, पत्र्याच्या मापाने कापलेले भिजवलेले पान, तंबाखू भरून गुंडाळी केली की दोऱ्याचे दोन वेढे, आणि त्या दोऱ्याने बोटाला पडलेली कायमची खाच. सुचण्याची वाट पाहत बसली असती, तर ती खाच तिच्या कवितेत कधीच आली नसती.

खानापूरकर
बाईंशी सहमत आहे आणि एक अप्रिय गोष्टही बोलतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कोणत्याही साहित्य संमेलनातले कविसंमेलन ऐका. दर दुसरी कविता सीमाप्रश्नावर असते आणि तिच्या ओळी ऐकण्याआधीच आपल्याला पाठ असतात. बाहेरून विषय आला, तर निदान या चाकोरीतून सुटका होईल.

येळ्ळूरचा कार्यकर्ता
सुटका? कोणापासून? माझ्या वडिलांनी या प्रश्नासाठी तुरुंगवास भोगला आणि घरी परतल्यावर पुन्हा मोर्चात गेले. १९४६ साली बेळगावच्याच मराठी साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. इथे साहित्य आणि सीमालढा एकाच मांडवात उभे राहिले आहेत, आणि तुम्हाला त्याचा कंटाळा येतो! कालच्या निवेदनात वानगीदाखल दिलेल्या विषयांच्या यादीत पहिलाच विषय ‘पहिला बर्फ’ असा आहे. वळिवाची वाट पाहणाऱ्या माणसाने बर्फावर लिहायचे आणि १९५६ पासूनची वेदना गिळायची, हे मला मान्य नाही.

खानापूरकर
दादा, माझे आजोबाही सत्याग्रहात होते, तेव्हा निष्ठेची परीक्षा माझी घेऊ नका. मला वेदनेचा कंटाळा आलेला नाही, घोषणेचा आला आहे. आमच्या आजीच्या जमिनीचा उतारा कन्नडमध्ये येतो. ती तो दोन्ही हातांनी धरते, स्वतःच्या नावाची जागा बोटाने शोधते आणि शेवटी कोणीतरी वाचून दाखवेपर्यंत थांबते. आयुष्यभर कसलेल्या शेतावर आपले नाव आहे की नाही, हे तिला दुसऱ्याला विचारावे लागते. हे मी एकाही कविसंमेलनात ऐकलेले नाही. ‘उतारा’ हा विषय दिला, तर कदाचित ऐकायला मिळेल.

येळ्ळूरचा कार्यकर्ता
कंटाळ्याची भाषा मला अजूनही खटकते. ‘उतारा’ हा विषय मात्र योग्य आहे, एवढे मानतो. बर्फ काढून तो ठेवत असाल, तर मी लिहीन. पण त्यात ‘महाराष्ट्र’ हा शब्द आला, तर कोणी नाक मुरडू नये.

शहापूरची विणकर
मागावर रोज बसावेच लागते, मन लागो वा न लागो. त्यामुळे रोज लिहिण्यात कवितेचा अपमान होतो, हे मला पटत नाही. मात्र विषय सकाळी जाहीर होणार आणि कविता रात्रीपर्यंत द्यायची, ही अट नोकरदारांच्या सोयीची आहे. आम्हाला आदल्या रात्री विषय मिळाला, तर दिवसभर काम करताना तो मनात घोळवता येईल.

टिळकवाडीचा वाचक
दोरा आणि उतारा यांनी माझे मत थोडे हलवले, हे नाइलाजाने लिहितो. पण दोन्ही उदाहरणांत विषय देणाऱ्याला समोरच्या माणसांचे जगणे ठाऊक आहे. कालच्या यादीत तसे काहीच नाही. शिवाय तीसपैकी दोन-तीनच कविता टिकतील. बाकीच्या फाडण्याची तयारी असेल, तरच याला सराव म्हणता येईल. संग्रहाचे ते वाक्य निवेदनातून काढा, मग माझा विरोध मागे.

निपाणीची शिक्षिका
वाक्य काढायला माझी हरकत नाही, फाडण्याला आहे. कोणती कविता टिकेल हे लिहिणाऱ्याला महिनाअखेर कळत नाही, वर्षाने कळते. वह्या राहू द्याव्यात, छापू मात्र नयेत. ताई म्हणतात तसा विषय आदल्या रात्री द्यावा, आणि बर्फाऐवजी पहिल्या दिवशी ‘उतारा’ ठेवावा, अशी आयोजकांना माझी विनंती आहे.